कादंबरीची फलश्रुती

आखातात वीस वर्षं काढून आलेला माणूस दिसला की लोक सोन्याबद्दल विचारतात, नाहीतर उन्हाबद्दल. सोनं मी फारसं आणलं नाही आणि उन्हात फारसा गेलोही नाही. बहरीनमध्ये मी टायपिस्ट होतो, आणि टायपिस्टाचा जन्म सावलीतच जातो. मनामातल्या हूरा भागात, एका हॉटेलच्या मागच्या गल्लीत आमचं टायपिंगचं दुकान होतं. मालक अबू खलील दारात खुर्ची टाकून बसायचे, आत मी आणि माझं मशीन.

आमच्याकडे काय टाइप व्हायचं? व्हिसाचे अर्ज, लायसन्सचे अर्ज, राजीनामे, राजीनामा मागे घेतल्याची पत्रं. पण सगळ्यात जास्त खप होता रजेच्या अर्जांना. तातडीची रजा हवी तर घरात कोणीतरी वारलेलं लागायचं. कणकवलीच्या एका गावड्याने चार वर्षांत एकच आजी तीनदा मारली आणि तिसऱ्या वेळी त्याच्या साहेबाने जुनी फाइल काढली. तेव्हापासून मी एक वही घातली. कोणाचं कोण, कधी वारलं, सगळं त्यात टिपलेलं. एक जण सासऱ्याला मारायला आला तेव्हा मीच त्याला वही दाखवली, की सासरे गेल्या गणपतीतच गेले, यंदा मावशी चालेल. तेव्हा कल्पित साहित्याशी माझा संबंध पिकरिंगबाई येण्याआधीचाच.

सौदीकडे जाणाऱ्या पुलाचं काम चालू होतं, त्या सुमाराला या बाई दुकानात आल्या. ऑस्ट्रेलियन. उंच, नाकावरची कातडी सोललेली, हातात खजुराची पेटी आणि पेटीत हिरव्या शाईने लिहिलेले कागद. नवरा जहाजदुरुस्तीच्या गोदीत इंजिनियर, राहायला बुदैयाच्या रस्त्यावर बंगला. तिथल्या बाकीच्या मडमा पत्ते खेळत आणि ह्या राजे मारत. ‘मी अद्भुत कादंबऱ्या लिहिते,’ असं त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी अदबीने विचारलं की किती प्रती.

आमच्या धंद्याचा हा पहिला प्रश्न. बाईंना तीन प्रती हव्या होत्या. वरचा जाड कागद लंडनच्या प्रकाशकाला, कार्बनखालची पहिली प्रत त्यांना स्वतःला, आणि दुसरी, जरा फिकी, आमच्याकडे. बंगल्याला आग लागली तर एक प्रत दुसऱ्या गावात असावी, असा त्यांचा हिशोब. मजकूर काय आहे ते मी विचारलं नाही. सावंतवाडीच्या टायपिंग क्लासात आमचे मास्तर सांगत, वाचायला लागलात की बोटं अडखळतात. डोळ्यातून बोटात, मध्ये डोक्याला थांबा नाही. त्या शिस्तीवर मी बाईंची दोन जाडजूड पुस्तकं उतरवली आणि त्यांत काय झालं ते मला विचाराल तर ठाऊक नव्हतं. एक अक्षर मात्र इकडचं तिकडे केलं नाही, याचा मला अभिमान होता.

बाईंची लिहायची तऱ्हा अजब. जन्म सगळा मेंढ्यांच्या कोरड्या माळावर गेलेला, बर्फ कधी पाहिलेला नाही, पण त्यांच्या क्वेस्मार नावाच्या राज्यात बारा महिने बर्फ. ते प्रकरण लिहायचं असलं की पाय बर्फाच्या बादलीत बुडवून बसायच्या. मग दुकानात फोन यायचा, की मिस्टर परब, सातव्या प्रकरणातला राजा जिवंत करा, मला तो बाराव्यात लागणार आहे. मी फोनवर मोठ्याने खात्री करून घ्यायचो, की राजाला मारायचं की ठेवायचं. बहरीनवर अमिराचं राज्य, अबू खलील घाबरले. त्यांनी मला बाजूला घेतलं आणि दुकानात राजा हा शब्द खलास, असं बजावलं. त्याच्या जागी मॅनेजर म्हणायचं ठरलं. पुढे दोन वर्षं आमच्या फोनवर मॅनेजर लोक विष पीत होते, घोड्यावरून पडत होते आणि ड्रॅगनच्या तोंडी जात होते. रांगेतली गिऱ्हाइकं कान टवकारत. एकाने हळूच विचारलं की ही कुठली कंपनी, जागा रिकामी असेल ना.

दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी नकाशाने घोळ घातला. पार्सल मुहर्रकला विमानतळाजवळच्या एका मालवाहू एजंटाकडे दिलं होतं. तिथला कारकून कामाला चोख. त्याच्या फॉर्मवर रकाना होता, की नकाशा असल्यास कोणत्या देशाचा आणि त्या देशाची हरकत नाही ना. मी सांगितलं की हा देश नाहीच. तो म्हणाला, नाही तर मग ह्याला समुद्र कसा? बाईंनी दोन मिनिटं विचार केला आणि तिथेच बाकावर बसून क्वेस्मारच्या वकिलातीच्या वतीने हरकत नसल्याचं पत्र मला सांगितलं. त्याच्याच मशीनवर मी ते टाइप केलं. सही बाईंनी केली, हुद्दा राजदूत. शिक्का हवा म्हणाला, तर नवऱ्याच्या कोटाचं नांगर कोरलेलं बटण पर्समध्ये होतं, ते शाईत बुडवून उठवलं. कारकुनाने समाधानाने फाइलला लावलं. त्याची चूक नव्हती, त्याचा रकाना भरला होता.

हे सगळं ठीक होतं. खरा घोटाळा आमच्या घरात शिजत होता.

तीन प्रती वेगळ्या करायचं काम माझी बायको सुमन घरी करायची. जमिनीवर तीन ढीग, पानांचे आकडे बघायचे आणि लावायचे. पण तिला कुठले मास्तर भेटले नव्हते, ती वाचायची. इंग्रजी मॅट्रिकपर्यंतचं, मांडीवर डिक्शनरी. आणि वाचलेलं दर शुक्रवारी दुपारी बिल्डिंगमधल्या बायकांना मालवणीत सांगायची. दहा-अकरा बायका, सगळ्या कुडाळ-वेंगुर्ल्याकडच्या. क्वेस्मारमध्ये हेस्का नावाची एक म्हातारी सुईण होती. ती राजाला जुमानत नसे आणि अडलेल्या बाळंतिणीपासून अडलेल्या दरवाजापर्यंत सगळं सोडवत असे. हेस्काने मंत्र म्हणून दगडी दार उघडलं ते प्रकरण ज्या शुक्रवारी झालं, त्याच संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या तेलीवहिनींच्या भावाचा सहा महिने अडलेला व्हिसा आला. झालं. पुढच्या शुक्रवारी आमची फिकी प्रत लाल फडक्यात गेली. त्याच्या पुढच्या शुक्रवारी तिला हळद-कुंकू लागलं. मी घरी चिडलो, की अगं ही कादंबरी आहे, एका मडमेने पाय बादलीत घालून लिहिलेली. सुमन म्हणाली, लिहिणाऱ्याचे पाय कुठे होते ते पोथीत कोणी बघत नाही.

सावंतकाकी तर दर शुक्रवारी उपास धरायला लागल्या. त्यांची गोष्ट हसण्यासारखी नव्हती. सावंत एका काँट्रॅक्टरकडे क्रेन चालवायचे आणि दोघांचे पासपोर्ट काँट्रॅक्टरच्या कपाटात. चार वर्षं झाली, रजा मागितली की तिथला मॅनेजर काम संपू दे म्हणायचा. काम संपलं की दुसरं काम. मुलगी कुडाळला आजीआजोबांकडे वाढली, तिचं लग्न ठरलं होतं वैशाखात. आईबापांशिवाय मुलगी बोहल्यावर उभी राहायची वेळ आली होती. माझ्या वहीतलं कोणतंही मरण त्या मॅनेजरपुढे चाललं नव्हतं, कारण मॅनेजर देवस्थळी. आपलाच माणूस, गिरगावातला. आपल्या लोकांच्या आज्या किती असतात ते त्याला ठाऊक.

तिसरं पुस्तक संपलं. हे बाईंचं निर्वाणीचं पुस्तक होतं. दुसरं पडलं होतं आणि प्रकाशकाने कळवलं होतं की हेही असंच असेल तर आपण इथेच थांबू. बाईंनी शेवट करुण केला. हेस्का बर्फात एकटी मरते आणि पुस्तक संपतं, पान चारशे अकरा. सुमनने त्या दुपारी शेवटचं पान वाचून संपवलं तेव्हा बायका रडल्या, पदर लावून लावून रडल्या, आणि रडून झाल्यावर सावंतकाकींनी मला बाहेरच्या खोलीतून बोलावून घेतलं.

‘‘परबानू, दोन वर्सां आमी बसान आयकलाव. फलश्रुती खंय आसा?’’

मी म्हटलं, कादंबरीला फलश्रुती नसते.

‘‘मगे आयकान आमका मेळाला काय?’’

मरणावर पोथी मिटायची नसते हे मलाही आईने शिकवलेलं. बायकांच्या डोळ्यांसमोर मी दोषी ठरलो, कारण पुस्तक माझ्या मशीनमधून निघालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, यांच्या समाधानापुरतं एक पान करू. इंग्रजीत, कारण देवनागरी मशीन नव्हतं, आणि वाचून दाखवायला तेलीवहिनींची शाळेत जाणारी पोर होती, तिला मराठी समजायचं पण वाचता येत नव्हतं. मी कागद चढवला आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी न सांगता माझी बोटं चालली. ‘जो हात धुऊन हे पुस्तक वाचील किंवा ऐकेल, त्याचे कागद कोणत्याही टेबलावर अडणार नाहीत. ज्याचा पासपोर्ट दुसऱ्याच्या कपाटात आहे त्याच्या हाती तो येईल. हरवलेलं जनावर घर ओळखील. झोप नाही त्याला झोप, मूल नाही त्याला मूल. दूर असलेला मुहूर्ताच्या आत घरी पोचेल. जो अर्धं वाचून ठेवील त्याच्या बिल्डिंगचा पंप बिघडेल.’ पंपाचं जरा गमतीने घातलं. कोकणी माणूस नुसता आशीर्वाद देऊन थांबत नाही.

आता चूक ऐका. इतक्या वर्षांची सवय अशी की कागद चढवायचा म्हणजे तीन, मध्ये दोन कार्बन. आणि वर आकडा घालायचा म्हणजे पुढचा, चारशे बारा. वरच्या दोन प्रती फाडून टाकायच्या होत्या. तेवढ्यात एक जण काकांचं मरण घेऊन आला, काकांची वहीत आधीच नोंद होती, त्यात अर्धा तास गेला, आणि तिन्ही पानं बाकीच्या कागदांबरोबर घरी गेली. सुमनने आकडा बघितला आणि तीन ढिगांवर तीन पानं ठेवली. पिकरिंगबाई संपलेल्या पुस्तकाचं शेवटचं पान कधी उघडून बघत नसत, अपशकुन मानत. पार्सल बांधलं, गेलं.

दीड महिन्याने बाई दुकानात आल्या. पेटी नव्हती, नुसतं एक पत्र. प्रकाशकाने लिहिलं होतं की पुस्तक परत पाठवायचं जवळजवळ ठरलं होतं, पण ते शेवटचं पान वाचून सगळं ऑफिस हसलं आणि दोघींना तर रडू आलं. हेच पान पुस्तकाच्या पाठीवर मोठ्या अक्षरात छापायचं आहे, तारेने होकार कळवा.

बाईंनी पत्र घडी करून टेबलावर ठेवलं. ‘‘मिस्टर परब, मी चारशे अकरा पानं लिहिली. चारशे बारावं कोणी लिहिलं?’’

मी सांगितलं. काहीच लपवलं नाही. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या की माझ्या सहा वर्षांच्या कामात प्रकाशकांना आवडलेलं एकच पान, आणि ते तुमचं. मला फार वाईट वाटलं. एक अक्षर न बदलणारा मी, त्यांचं अख्खं पुस्तकच बदलून बसलो होतो. थोड्या वेळाने त्यांनी तार सांगायला सुरुवात केली, की शेवटचं पान माझं नाही, काढून टाका. मी म्हटलं, मग ते पुस्तकच घेणार नाहीत. त्या म्हणाल्या, न घेवोत.

मी हात मशीनवरून काढून मांडीवर ठेवले. म्हटलं, बाई, आमच्याकडे फलश्रुती कोणी लिहिली ते कधी कोणी विचारत नाही. ती लिहिणाऱ्याची नसतेच, ऐकणाऱ्यांची असते. तार उद्या पाठवा. आज शुक्रवार आहे, एकदा त्यांना बघून घ्या.

त्या दुपारी पिकरिंगबाई आमच्या खोलीत चटईवर पाय मुडपून बसल्या. बायकांनी त्यांना आधी खोबऱ्याची वडी दिली आणि मग पायाला हात लावले. त्या घाबरून उभ्या राहिल्या, परत बसवलं. लाल फडकं सोडल्यावर स्वतःच्या पुस्तकावर कुंकू बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. सुमनने हेस्काचं मरण मालवणीत सांगितलं. बाईंना शब्द कळत नव्हता, पण कुठे आलो आहोत ते बायकांच्या चेहऱ्यांवरून कळत असावं, कारण बरोबर त्याच जागी त्यांनी चष्मा काढून पुसला. मग तेलीवहिनींच्या पोरीने शाळेतल्यासारखं उभं राहून चारशे बारावं पान इंग्रजीत खडखडीत वाचलं.

सुमनने त्याचा अर्थ मालवणीत सांगितल्यावर सावंतकाकी पुढे सरकल्या. लग्नाला अठरा दिवस राहिले होते. त्यांनी मला सांगितलं, बाईंना एकच विचारा, की यात पासपोर्टाचं लिहिलं आहे ते खरं आहे ना. मी विचारलं, आणि मनात म्हटलं, आता ही बाई हे माझं नाही म्हणून सांगणार आणि आमच्या बिल्डिंगमधला देव जाणार.

बाईंनी काकींकडे पाहिलं. मग मला म्हणाल्या, ‘‘सांगा, हो.’’

जिना उतरताना मी सावंतांची सगळी हकीकत सांगितली आणि विचारलं की हो का म्हणालात. उद्या सकाळी दुकानापुढे उभे राहा आणि ते पान बरोबर घ्या, एवढंच म्हणाल्या.

सकाळी गाडी थेट देवस्थळींच्या ऑफिसात. कोणी आत सोडेना, तर बाई मी राजदूत आहे म्हणून सरळ आत गेल्या. आता कुठल्या देशाच्या हे कोणी विचारायला हवं होतं. देवस्थळींनी उठून खुर्ची दिली. बाईंनी सावंतांचे पासपोर्ट मागितले. ते गोड हसून म्हणाले की कंपनीची पद्धत आहे, काम चालू आहे, उन्हाळ्यानंतर बघू.

बाई म्हणाल्या, ‘‘मिस्टर देवस्थळी, मी आयुष्यभर नसलेल्या गोष्टी लिहिल्या. खोटं मात्र कोणाला सांगितलं नाही. काल अकरा बायकांना सांगितलं की हे खरं आहे. आता तुम्ही ठरवा मी कोण ते.’’ आणि पान त्यांच्यापुढे सरकवलं.

देवस्थळी वाचू लागले. दुसऱ्या ओळीशी त्यांच्या लक्षात आलं की हे काय आहे. इंग्रजी असलं म्हणून काय झालं, गिरगावातल्या माणसाने लहानपणी गुरुवारी आजीच्या शेजारी बसून हे ऐकलेलं असतं. त्यांचा वेग कमी झाला. शेवटची ओळ वाचून त्यांनी पान खाली ठेवलं आणि हात आपोआप कपाळाकडे गेला. अर्ध्यावर भान आलं, तर केस सारखे केल्यासारखं केलं. मग माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले, ‘‘परब, हे मला वाचायला द्यायला नको होतं.’’

मी म्हटलं, वाचलंत खरं.

ते उठले. कपाटाला किल्ली लावली. आतल्या गठ्ठ्यातून दोन पासपोर्ट काढले आणि माझ्या हातात न देता बाईंच्या हातात दिले, दोन्ही हातांनी.

गाडीत बसल्यावर बाईंनी ते माझ्याकडे दिले. मी दोन्ही पासपोर्ट उघडून नावं तपासली, सावंतांचं आणि काकींचं. बाई समोरच्या काचेतून बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, मिस्टर परब, लंडनला तार करायची राहिली आहे, लिहून घ्या. माझ्याकडे कागद नव्हता, मी शर्टाच्या खिशातलं पेन काढून तळहातावर लिहिलं.

‘शेवटचं पान काढू नका. गुण येतो.’